झुरळ ‘मरलं’ कसं?

ताईची मुलगी तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. ओट्याखालून झुरळ निघालं, भावजींनी चप्पल हाणली आणि ही धावत आजीकडे बातमी घेऊन: “आजी, झुरळ मरलं! बाबानी करलं!” आजी पोथी बाजूला ठेवून म्हणाली, “मरलं नाही गं सोन्या, मेलं म्हणावं.” पोरगी क्षणभर थांबली. मग समजल्यासारखी मान डोलावून म्हणाली, “हां. मेललं.”

आम्ही पोट धरून हसलो. पण रात्री वहीत ते वाक्य उतरवताना मी अडकले. (भाचीच्या बोलण्याची एक वही मी ठेवली आहे. माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर लोकांच्या चुका लाल करायच्या, आणि संध्याकाळी एका मुलीच्या चुका जपून लिहायच्या.) ‘मरलं’ हा शब्द तिने आणला कुठून? आमच्या घरात तसं कोणी म्हणत नाही. आजी नाही, ताई नाही, कामाला येणाऱ्या मावशी नाहीत. मुलं ऐकून ऐकून बोलायला शिकतात, हे आपण धरूनच चालतो. नुसतं ऐकून शिकायचं तर तिने ‘मेलं’च म्हणायला हवं होतं, कारण कानावर तेच पडत होतं. त्याहून गंमत म्हणजे वहीची मागची पानं चाळली तर सहा महिन्यांपूर्वीची नोंद सापडली: ‘मुंगी मेली.’ म्हणजे आधी बरोबर बोलत होती आणि मग चुकायला लागली!

हे उलटं वाटतं, पण जगभरच्या मुलांचं असंच होतं. भाषेचा अभ्यास करणारे लोक या उतरत्या आणि पुन्हा चढत्या वाटेकडे फार कौतुकाने बघतात, कारण मुलाच्या डोक्यात काय चाललं आहे ते इथे उघडं पडतं.

पहिल्या टप्प्यात मूल शब्द अख्खे उचलतं, नदीकाठचे गोटे उचलावेत तसे. ‘मेली’ हा एक गोटा, ‘पडलं’ हा दुसरा. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मग गोटे पुरेसे जमले की मुलाला त्यांतलं साम्य दिसायला लागतं. पड, पडलं. बस, बसलं. धर, धरलं. भर, भरलं. विसर, विसरलं. होऊन गेलेलं सांगायचं तर शेपटाला ‘ल’ लावायचा! हा नियम तिला कोणी सांगितलेला नाही. आजीलाही तो मांडून सांगता येणार नाही, मराठीच्या कितीतरी शिक्षकांना पटकन सांगता येणार नाही. तीन वर्षांच्या मुलीने तो स्वतः शोधला, आणि नवा खेळ हातात आल्यावर कोणीही करेल तेच केलं, दिसेल तिथे लावून पाहिला. कर, करलं. मर, मरलं. सांग, सांगलं. दे, देलं. आणि आजीने दुरुस्ती केल्यावर तिने ती प्रामाणिकपणे मान्य केली: बरं, शब्द ‘मेल’ आहे तर. मग त्याला ‘ल’ लावला पाहिजे ना? मेललं.

म्हणजे त्या वाक्यात चुकलं कोण? नियमाच्या बाजूने बघितलं तर भाची बरोबर आहे आणि मराठी भाषा चुकली आहे. ‘केलं’, ‘मेलं’, ‘गेलं’ ही रूपं आजच्या ‘कर’, ‘मर’, ‘जा’ यांच्यापासून तयारच झालेली नाहीत. ती संस्कृतातल्या ‘कृत’, ‘मृत’, ‘गत’ यांच्यापासून प्राकृताच्या वाटेने घरंगळत आली. एवढी जुनी रूपं टिकली, कारण करणं, जाणं, येणं, मरणं, देणं-घेणं ही रोजची कामं. जो शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो त्याचं वेडंवाकडं रूपही पाठ होतं. क्वचित लागणारा शब्द लवकर नियमाला शरण जातो. मोठ्यांचंही तसंच आहे. ‘मी त्याला म्हणलं’, ‘भांडी धुवली’ असं चांगली शिकलेली माणसं बोलतात, आणि मी प्रुफात ते ‘म्हटलं’ आणि ‘धुतली’ करत बसते. भाचीच्या वयातली सुधारणाच ती, फक्त मोठ्यांनी केलेली.

तिसऱ्या टप्प्यात अपवाद पुन्हा आपापल्या जागी बसतात आणि मूल ‘केलं’ म्हणायला लागतं. बाहेरून ते पहिल्या टप्प्यासारखंच दिसतं. आतून मात्र आता नियमही माहीत असतो आणि नियम कुठे चालत नाही तेही.

मुलाला खरंच नियम कळला आहे की कुठूनतरी तसा शब्द कानावर पडला असेल, ही शंका रास्त आहे. ती मिटवायची युक्ती जीन बर्को या अमेरिकन अभ्यासक बाईंनी काढली आणि तिचे निष्कर्ष 1958 साली छापले. त्यांनी पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र काढलं आणि त्याला ‘वग’ असं जगात कुठेच नसलेलं नाव दिलं. मुलांना म्हणाल्या, हा एक वग. आता इथे दुसरा आला. आता हे दोन काय आहेत? इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनी झटक्यात ‘वग्ज’ म्हटलं. तो शब्द आधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं.

हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. भाची चार वर्षांची असताना मी वीजबिलाच्या मागे तीन पायांचं एक केसाळ जनावर काढलं.

“हा टुंगा.”

“चावतो?”

“नाही चावत. हा एक टुंगा. आता हा आणखी एक आला. किती झाले?”

“दोन टुंगे.” मग माझ्या हातातलं पेन ओढून घेत: “आणि टुंगी कुठाय?”

टुंगी काढली. दोन काढल्यावर त्या ‘टुंग्या’ झाल्या. आंबा-आंबे, गोटी-गोट्या हे दोन्ही साचे तिच्याकडे तयार होते, आणि आकारान्त नर असेल तर ईकारान्त मादी असली पाहिजे हा तिसराही. याच साच्यामुळे तिने एकदा गंभीरपणे विचारलं होतं की खारीचा नवरा ‘खार’च कसा, ‘खारा’ का नाही. घोडीचा घोडा होतो, चिमणीचा चिमणा होतो. मुंगीचा मुंगा आणि पालीचा पाला यांनी काय पाप केलं आहे? मला उत्तर देता आलं नाही. पाला झाडाला असतो, एवढंच म्हणाले.

आता एक बारीक पण फार सुंदर जागा. “मी पडले नाही, दादानी मला पडवलं.” “मला पाणी पिव.” “बाटली मी नाही फुटवली.” लहान मूल असलेल्या घरात ही वाक्यं ओळखीची वाटतील. मराठीत एखाद्याकडून काही करवायचं तर मध्ये ‘व’ घालतात: हस-हसव, रड-रडव, झोप-झोपव, बस-बसव. मुलाने हे यंत्र ओळखलं. पण जुन्या शब्दांनी इथेही आपली वेगळी चूल मांडलेली: पड-पाड, फूट-फोड, तूट-तोड, मर-मार, आणि पाणी ‘पाज’. इंग्रजीत असं सरसकट चालणारं शेपूट नाही, म्हणून तिथली मुलं नुसतं मूळ क्रियापदच वापरून मोकळी होतात. मेलिसा बॉवरमन या अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात स्वतःच्या मुलींचं बोलणं टिपून ठेवलं होतं, त्यात ‘मला हसवू नकोस’ या अर्थी ‘मला हसू नकोस’ अशी वाक्यं आहेत. चूक तीच, पण प्रत्येक मूल ती आपापल्या भाषेच्या हत्यारांनी करतं.

मग सुधारायचं की नाही? माझा अनुभव असा की सुधारून उपयोग होत नाही, आणि अभ्यासही साधारण तेच सांगतात. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी 1970 साली एक मजेची गोष्ट दाखवली: आईवडील मुलांचं व्याकरण फारसं सुधारतच नाहीत, ते खरंखोटं सुधारतात. आमच्याकडे तंतोतंत तसंच. “मावशी दाढी करते” हे वाक्य व्याकरणाने चोख, पण त्यावर तिघं तुटून पडले, “नाही गं, मावशी नाही, काका करतो!” आणि “काकानी दाढी करली” यावर सगळे खूश, “हो, करली ना!” तरीही हे मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत बहुतेक सगळं व्याकरण बरोबर बोलायला लागतं. ते कसं, यावर अभ्यासकांची भांडणं आजही चालू आहेत.

उच्चारांचंही असंच. शेजारचा मुलगा ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणायचा. त्याच्या आजोबांनी लाडात विचारलं, “काय, लाजा आला?” तर पोरगं संतापलं: “लाजा नाही! लाजा!!” ऐकताना त्याला र आणि ल वेगळे कळतात, जीभ मात्र अजून तिथवर पोचत नाही. आजोबा चुकीचं म्हणत आहेत हे त्याला ऐकू येतं. स्वतःचं त्याच्या मते बरोबरच असतं. त्यामुळे मुलाशी मुद्दाम बोबडं बोलणाऱ्या मंडळींना मुलं मनातल्या मनात काय म्हणत असतील, देव जाणे.

मी येते, तू येतोस

मराठी मुलग्यांची एक खास अडचण आहे. तिच्यावर लोक हसतात फार आणि विचार कमी करतात. दोन-अडीच वर्षांचा मुलगा बिनदिक्कत सांगतो, “मी येते. मी नाही जेवणार, मी खेळते.” पाहुणे चेष्टा करतात, एखादी आत्या काळजीत पडते.

जरा त्याच्या जागी बसून बघा. दिवसभर त्याच्याजवळ आई आणि आजी. ‘मी’ हा शब्द त्याला कोणाच्या तोंडून ऐकू येतो? “मी आलेच हं”, “मी भाजी आणते.” ‘मी’च्या मागे ‘ते’ येतं, हा नियम त्याने शंभर उदाहरणांवरून पक्का केला. त्याच्याशी बोलताना सगळे “तू येतोस का, तू जेवलास का” म्हणतात, म्हणजे त्याचं पुल्लिंग त्याला फक्त ‘तू’च्या रूपांत भेटतं. त्यावरून ‘मी येतो’ हे रूप त्याने स्वतः काढायचं आहे. हे गणित सोपं नाही. याउलट मोठ्या भावांच्या मागे फिरणारी मुलगी “मी जातो, मी पण खेळतो” म्हणते. दोघंही काही महिन्यांत आपोआप रुळावर येतात. आत्याने काळजी करू नये.

‘मी’ आणि ‘तू’ हे मुळातच फसवे शब्द. पेला नेहमी पेलाच असतो, पण ‘मी’ बोलणाऱ्यागणिक बदलतो. म्हणून काही मुलं स्वतःला पाणी हवं असताना “तुला पाणी पाहिजे” म्हणतात. आई रोज “तुला पाणी पाहिजे?” असं विचारते आणि मग पाणी मिळतं, म्हणजे पाणी मिळण्याचा मंत्र तोच असणार.

काळाचे शब्दही असेच सरकणारे. आजचा ‘उद्या’ उद्या ‘आज’ होतो. “उद्या आपण आजोळी गेलो होतो ना?” असं विचारणाऱ्या मुलाला एवढं नक्की कळलेलं असतं की तो दिवस ‘आज’ नव्हता. कुठल्या बाजूला होता ते मागाहून कळेल. आणि आपण तरी कुठे मदत करतो? ‘परवा’ हा आपला शब्द दोन्ही दिशांना चालतो. परवा गेलो होतो, परवा जाणार आहोत.

पायाला मुंग्या

भाची माझ्या मांडीवर बराच वेळ बसली होती. मी म्हटलं, “ऊठ गं बाई, पायाला मुंग्या आल्या.” ती टुणकन उतरली, माझी सलवार वर करून नीट पाहिलं, मग पलंगाखाली पाहिलं. नंतर केव्हातरी तिच्याच पायाला मुंग्या आल्या, तेव्हा ती ‘मुंग्या’ म्हणाली नाही, कारण मुंग्या नव्हत्याच. तिने स्वतः खात्री केली होती. ती म्हणाली, “माझ्या पायात सोडा फुटतोय.”

मला विचाराल तर मुंग्यांपेक्षा ही उपमा सरस आहे. पण ती कवयित्री आहे म्हणून नाही. तिच्याकडे त्या अनुभवाचा शब्द नव्हता, म्हणून तिने जवळात जवळची वस्तू उचलली. आपण ‘मुंग्या’ म्हणतो तेव्हा आपल्याला मुंगी दिसतसुद्धा नाही. तो शब्द झिजून गुळगुळीत झालेला आहे. मुलांच्या कानाला तो अजून खरखरीत लागतो. म्हणूनच ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हटलं की ती पोटाला कान लावतात, आणि ‘त्यांचं लग्न मोडलं’ हे ऐकून डिंक आणायला निघतात.

ओळखीचे शब्द नसतील तिथे मुलं ओळखीचे शब्द घालतात. गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’ येतं, म्हणजे ज्याने नाग बांधला आहे असा. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलं तिथे ‘फळीवर वंदना’ म्हणत आली आहेत, आणि ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ करत आली आहेत. कबूल करते, मीही दहावीपर्यंत फळीवरच वंदना करत होते. आमच्याकडे देव फळीवरच होते, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. बोलण्याच्या ओघात शब्दांमध्ये मोकळी जागा नसतेच. ती ऐकणाऱ्याने आपल्या मनाने सोडायची असते, आणि हे काम बाळं फार लवकर सुरू करतात. आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांचा सलग ओघ दोन मिनिटं ऐकवला, तर कोणती अक्षरं नेहमी जोडीने येतात ते त्यांना कळतं, असं जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवलं.

मुलांचे जगाबद्दलचे सिद्धांतही याच जातीचे असतात, हाताशी असलेल्या मालातून बांधलेले. मे महिन्यात एका संध्याकाळी भाची म्हणाली, “झाडं दमली, म्हणून वारा नाही.” स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना 1920च्या दशकात जिनिव्हातल्या मुलांनीही सांगितलं होतं की झाडं हलतात म्हणून वारा येतो. याला बालिश समजूत म्हणून सोडून देण्याआधी घरातला पंखा बघा. पंख्याची पाती हलली की वारा येतो, थांबली की थांबतो. आजी पुठ्ठा हलवते, वारा येतो. मुलाने पाहिलेल्या प्रत्येक बाबतीत हलणारी वस्तू आधी आणि वारा नंतर. झाडही हलतं. निष्कर्ष काढायला पुरावा भरपूर आहे, फक्त झाडाच्या बाबतीत तो उलटा लागतो.

तसाच चांदोमामा. एसटीच्या खिडकीतून तो आपल्याबरोबर धावताना प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. जवळची झाडं झपाट्याने मागे पळतात, लांबचे डोंगर हळूहळू सरकतात, आणि सुमारे 3,84,000 किलोमीटरवरचा चंद्र जागचा हलल्यासारखा दिसतच नाही. आपण चालत असताना जो मागे पडत नाही तो आपल्यासोबत चालत असतो, हे मूल आई-बाबांच्या बाबतीत रोज बघतं. मग चंद्राला वेगळा न्याय कशासाठी?

पोळीचे चार तुकडे

पियाजे यांचं नाव निघालं आहे तर त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याचा शेवट फार थोड्या लोकांना माहीत असतो.

सुरुवात घरातच करता येते. मूल म्हणतं, “एक पोळी नको, मला जास्त पाहिजे.” आई तीच पोळी चार तुकडे करून देते, मूल खूश. किंवा उंच पेल्यातलं दूध पसरट वाटीत ओतलं की “कमी झालं” म्हणून भोकाड. पियाजे यांनी मुलांसमोर वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि मग एक ओळ लांब पसरली. पाच वर्षांची बरीच मुलं म्हणाली, लांब ओळीत जास्त आहेत. पियाजे यांचा अर्थ असा, की दिसणं बदललं तरी संख्या तीच राहते हे या वयात कळत नाही.

1974 साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एडिंबरात हाच प्रयोग एक छोटा बदल करून घेतला. ओळ पसरवण्याचं काम प्रयोग घेणाऱ्या मोठ्या माणसाने करायचं नाही. एक ‘द्वाड अस्वल’ खोक्यातून निघून खेळ बिघडवतं आणि ओळ विस्कटते. मग तोच प्रश्न. आता बहुसंख्य मुलांनी बरोबर उत्तर दिलं: तेवढेच आहेत.

हे कसं? मुलाच्या बाजूने पाहा. एक मोठा माणूस विचारतो, “दोन्ही सारखे आहेत ना?” तुम्ही हो म्हणता. मग तो मुद्दाम, तुमच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांब करतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. मोठी माणसं तोच प्रश्न दुसऱ्यांदा केव्हा विचारतात? पहिलं उत्तर चुकलं की. “हात धुतलेस?” “हो.” “हात धुतलेस?” या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मराठी घरातलं प्रत्येक मूल जाणतं. तेव्हा निदान काही मुलं मोजण्यात चुकत नव्हती, माणूस ओळखायला जात होती. अस्वलाच्या गोंधळानंतर मात्र पुन्हा विचारणं साहजिकच होतं.

पियाजे सगळेच चूक ठरले असं यातून निघत नाही. तीन वर्षांचं मूल वाटीतल्या दुधाला खरंच फसतं. पण तेव्हापासून मुलाचं विचित्र उत्तर ऐकलं की मी आधी बघते, प्रश्न कसा विचारला होता.

मुलं दुसऱ्याचं मन हळूहळूच ओळखायला लागतात हे मात्र खरं. फोनवर आजी विचारते “जेवलीस का?” आणि ही नुसती मान हलवते. ओठांना साखर लागलेली असताना “मी नाही खाल्ली”, आणि पडद्यामागे लपल्यावर पाय बाहेर. आपल्याला जे दिसतं, माहीत असतं, ते समोरच्याला माहीत नसू शकतं, ही गोष्ट मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी पक्की कळते. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी 1983 साली एका चॉकलेटच्या गोष्टीने हे तपासलं: मॅक्सीने चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो नसताना आईने दुसरीकडे हलवलं, परतल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात, जिथे आहे तिथेच. आता आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आठवा. “यात मी कुठाय? मला का नाही नेलं?” सगळे काका, मावश्या, शेजारीसुद्धा आहेत, आणि घरातलं सर्वांत महत्त्वाचं माणूस नाही. आपण नसतानाही जग होतं, हे पटायला वेळ लागतो. (“तू तेव्हा आईच्या पोटात होतीस” असं घाईत उत्तर देऊन आमच्या एका काकांनी भर पंगतीत ताईला लाजवलं होतं.)

गेले

भाची साडेचार वर्षांची असताना ताईचे सासरे वारले. तिला सांगितलं, आजोबा देवाघरी गेले. तिने चपलांच्या कपाटाकडे पाहिलं. “चप्पल न घालता?” कोणी काही बोललं नाही.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणायचं. तिच्या आजीने हे तिच्या अंगी कडक शिस्तीने बाणवलं होतं. आधी तिने वाद घातला होता: “मी तर जातेय, मग येते कसं?” आजीने समजावलं होतं की ‘येते’ म्हटलं की माणूस परत येतो. तिसऱ्या दिवशी ती आजीजवळ जाऊन बसली आणि विचारलं, “आजोबा ‘येतो’ म्हणाले नाहीत का?”

पाच वर्षांखालची मुलं मृत्यूला बहुतेक वेळा निघून जाणं समजतात, तिथेही जेवण-झोप चालू असतं आणि परतीची वाट उघडी असते, असं मारिया नाज यांनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून 1948 साली मांडलं. मेलेलं माणूस परत येत नाही, शरीराची सगळी कामं थांबतात, आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत होणार, हे तीन वेगवेगळे धडे आहेत, आणि ते साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान एकेक करून कळतात. मराठीत ‘गेले’ या शब्दाने आपण त्यांची पहिलीच पायरी निसरडी करून ठेवतो. गेले म्हणजे कुठेतरी गेले, आणि कुठेतरी गेलेला माणूस येतो. म्हणूनच मुलांसोबत काम करणारे समुपदेशक सांगतात की मुलाला साधा शब्द सांगावा: आजोबा मेले, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. ‘झोपले’ तर म्हणूच नये. मग मूल झोपायला भितं. ताईने शेवटी तसं सांगितलं. “झुरळासारखे मेले?” असा पुढचा प्रश्न आला. ताई हो म्हणाली. आजी त्या दिवशी ताईशी बोलली नाही, आणि मला दोघींचंही बरोबर वाटलं.

वही ठेवायची असेल तर दोन गोष्टी सांभाळा. वाक्य जसंच्या तसं लिहा, ‘करलं’चं ‘केलं’ करू नका, आणि आधी काय बोलणं चाललं होतं तेही लिहा. नाहीतर वर्षभराने गंमत उरते आणि कारण हरवतं. वय महिन्यांत लिहा. चार्ल्स डार्विनने आपल्या 1839 साली जन्मलेल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या 37 वर्षं बाजूला पडल्यावर 1877 साली छापल्या. त्यात पोरगं वर्षाचं झालं तेव्हा खाण्यासाठी त्याने स्वतःच ‘मम’ असा शब्द काढल्याची नोंद आहे. हे वाचून कोणत्याही मराठी आईला हसू येईल. आणि व्हिडिओ काढायचाच असेल तर मुलाला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावू नका. दुसऱ्यांदा ते वाक्य मुलाचं नसतं, आपल्या हसण्यासाठी केलेलं असतं. ते त्यालाही कळतं.

माझ्या वहीत काही नोंदींपुढे मी कारण लिहिलेलं नाही. त्यातली एक, वय चार वर्षं दोन महिने. जुलैतली संध्याकाळ, दोन दिवसांची झड नुकतीच थांबली होती. आत आजी घासलेली भांडी ओट्यावर पालथी घालत होती, आणि ही गॅलरीच्या कठड्याला लटकून वर बघत होती. म्हणाली, “माऊ, आभाळ धुऊन पालथं घातलंय.”